शेवटची ओळ

"शेवटची ओळ वाचा," ती म्हणाली.

खुर्चीतल्या पेंटरने एका दमात वाचून टाकली, "न, म, र, ग, भ, य!"

"वा! आता तक्त्याचा दिवा लावते हं."

पेंटरचा चेहरा असा काही पडला की तिला हसू आवरेना. चोर रंगेहाथ सापडला होता. चार वर्षांपूर्वी तिच्या बाबांच्या चष्म्याच्या दुकानासाठी हा तक्ता त्यानेच रंगवला होता, अक्षरन् अक्षर तोंडपाठ! गाडीच्या लायसन्ससाठी डोळ्यांचा दाखला हवा होता आणि स्वारी आली होती घोकंपट्टीच्या जोरावर.

"अहो, दाखला डोळ्यांचा हवाय की पाठांतराचा?"

"दोन्हीत पास करा की... तुमचं काय जातंय?"

"माझी सही जाते!"

मग त्याने आवाज खाली आणला. "दोन महिने झाले, रेघ सरळ म्हणून ओढतो, नंतर बघतो तर वाकडी. पण कुणाला सांगणार? पाट्या रंगवणाऱ्याला दिसत नाही म्हटलं की संपलंच सगळं."

आता मात्र तिचं हसू मावळलं. तिने त्याच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबली आणि भिंग घेऊन अगदी जवळ वाकली.

"इतक्या जवळून मला कुणी बघितलं नव्हतं..."

"माझ्याकडे नाही, माझ्या कानाकडे बघा."

"कानही छान आहे."

"बोलू नका, डोळा हलतो!" ती दटावून म्हणाली खरी, पण गाल तापलेच. आणि मग तिचं भिंग एका जागी थांबलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर लाल फराटे होते, ब्रश झटकल्यासारखे. दुसऱ्या डोळ्यातही तेच.

"डोकं दुखतं?"

"सकाळी. रंगाच्या वासाने."

"रक्तदाब कधी मोजलाय?"

"मी बत्तीस वर्षांचा आहे हो! ते म्हाताऱ्यांचं काम."

ती तडक बाहेर बाबांकडे गेली. बाबा कुजबुजले, "चष्मा दे आणि मोकळी हो. मागच्या महिन्यात एकाला डॉक्टरकडे धाडलंस, त्याला काही निघालं नाही. दुकानात येऊन केवढा तमाशा केला त्याने! आपण चष्मे विकतो, डॉक्टरकी करत नाही."

"तेव्हा मला शंका होती, बाबा. आज मी डोळ्यांनी बघितलंय. पुन्हा चुकले तर हवं तर मला काउंटरवर बसवा, पण याला मी आत्ता घेऊन जाणार."

बाहेर लख्ख ऊन होतं. थेंबांमुळे त्याला डोळे उघडवेनात. तिने त्याचा हात धरला.

"रस्ता ओलांडण्यापुरता धरलाय, सांगून ठेवते."

"रस्ता जरा... रुंद हवा होता."

समोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. यंत्र बदलून पुन्हा मोजला. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत विचारलं, "कुणी ओळखलं हे?"

"मी. डोळ्यांत रक्तस्राव दिसला."

"शाबास! याला घरी सोडत नाही मी. रक्तदाब भलताच वाढलाय, त्यानेच डोळ्यांत रक्त उतरलंय; मूत्रपिंडांवरही ताण आला असेल. असंच चाललं असतं तर एक दिवस शिडीवरून थेट खाली आला असता."

तिची मान अशी ताठ झाली की विचारू नका.

पाच महिने गेले. गोळ्या, बिनमिठाचं जेवण, आणि दर महिन्याला डोळ्यांची तपासणी. ती वीस मिनिटांची असते. यांची तासभर चालायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. बाबा तर येईल त्या गिऱ्हाइकाला थांबवून सांगत, "चष्मा लागो न लागो, तपासून जा. माझी मुलगी डोळ्यांतून आख्खा माणूस बघते!"

एका दुपारी पेंटर नवा तक्ता घेऊन आला. "जुना मला पाठ आहे, तो चालायचा नाही," म्हणत त्याने तो टांगला. "आधी दिवा!" म्हणाला आणि तिला खुर्चीत बसवलं. "वाच."

ती भराभर वाचत खाली आली.

"आता शेवटची..."

तिने डोळे बारीक केले. "ल... पुढचं गढूळ आहे रे."

"गंमत नको हं."

"खरंच दिसत नाहीये!"

काउंटरवरून बाबांच्या हसण्याचा गडगडाट ऐकू आला. "सगळ्या गावाला दरवर्षी तपासा म्हणून सांगते, स्वतःचे डोळे सहा वर्षं तपासले नाहीत!"

पेंटर कपाळाला हात लावून म्हणाला, "तोंडाने बोलावं लागू नये म्हणून तीन दिवस घालवले मी या एका ओळीत!"

ती उठली आणि तक्त्याला नाक लावून उभी राहिली. तिला आधी दिसल्या त्या रेघा, शब्द नंतर. तिळाएवढी अक्षरं, आणि एकही रेघ हललेली नव्हती. हे डोळे तिने वाचवले होते. तिचा ऊर भरून आला.

मग तिने वाचलं: लग्न करशील माझ्याशी?

"पास," ती कशीबशी म्हणाली. "तुझ्या दाखल्यावर आज सही करते."

"आणि... माझ्या प्रश्नाचं उत्तर?"

"हो." मग बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "हो म्हटलं!"

आणि परत खुर्चीत जाऊन बसली. "बाबा, या आता. तपासा माझे डोळे. त्या ओळीचं मात्र विचारू नका, ती मला पाठ झालीय."