अडतीस आणि अडतीस

"दोघांनी सारखेच मार्क दिलेत. तीच माझी तक्रार आहे," ती म्हणाली.

यात तक्रार कुठे आहे तेच दाजींना कळेना.

ती हॉस्पिटलच्या वॉर्डातली मावशी. सगळे तिला मावशी म्हणायचे, पण वय जेमतेम पस्तीस. कामं सांभाळून तिने नर्सिंगच्या कोर्ससाठी खात्याची परीक्षा दिली होती. पास व्हायला चाळीस लागतात, तिला अडतीस पडले. वयाची अट होती, त्यामुळे ही शेवटची संधी.

पेपर दोन परीक्षक वेगवेगळे तपासतात. त्यांच्यात पाचपेक्षा जास्त फरक पडला तर पेपर तिसऱ्याकडे जातो, आणि तो देईल ते मार्क शेवटचे. मावशीने अर्ज करून दोन्ही मार्कांचे कागद मिळवले होते. पाच प्रश्न. नऊ, सात, आठ, दहा, चार. दुसऱ्या कागदावर, वेगळ्या अक्षरात, पुन्हा नऊ, सात, आठ, दहा, चार.

"दुसऱ्याने माझा पेपर वाचलाच नाही. नापास करायचं तर करा. पण वाचून करा."

"तिसऱ्याकडे जाईल का, बघतो," भिंग म्हणाला.

भिंग म्हणजे खाजगी गुप्तहेर. हे नाव त्याला त्याच्या बहिणीने ठेवलं होतं. दाजी तिचा नवरा. ती जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून दोघे एकाच ऑफिसात दिवस काढतात आणि तिचा विषय काढत नाहीत.

"दोघं परीक्षक आतून मिळालेले आहेत, दुसरं काय," दाजी जिन्यात म्हणाले.

"दाजी, मिळालेले असते तर एखादा मार्क मुद्दाम इकडेतिकडे केला असता."

आधी ते परीक्षा विभागाच्या साहेबांकडे गेले. साहेब खुशीत होते. एकशेवीस पेपरांपैकी एकशेदहा पेपरांचे मार्क प्रश्नागणिक जुळले, असा रेकॉर्ड कुठेच नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. फक्त एक्क्याऐंशी ते नव्वद हा एक गठ्ठा जुळला नव्हता. त्यातले चार पेपर तर तिसऱ्याकडे पाठवावे लागले. त्या दिवशी दुसऱ्या परीक्षकांना बरं नसेल, असं साहेबांचं मत पडलं. पूर्वी या परीक्षकांचे मार्क फारच वेगळे यायचे. मग खात्याने पत्र पाठवलं, एक वर्ष त्यांना बोलावलंच नाही, आणि तेव्हापासून ते सुधारले.

मार्कांचा कागद बंद पाकिटात येतो आणि पाकीट सगळं झाल्यावरच फुटतं. पहिल्या परीक्षकाकडून दुसऱ्याकडे फक्त उत्तरपत्रिका जाते.

"म्हणजे साहेबांनीच आकडे उतरवले," दाजी बाहेर आल्यावर म्हणाले.

"मग दहा पेपर कशाला सोडले?"

पहिल्या परीक्षक बाई शाळेत शिकवायच्या. घरात दोन मुलं, सासू, कुकरची शिट्टी. त्यांनी गठ्ठा मांडीवर घेऊन तपासायची पद्धत दाखवली: मार्कांचा कागद उत्तरपत्रिकेच्या कव्हरवरच ठेवायचा आणि भरायचा. दुसरा परीक्षक कोण ते त्यांना माहीतही नव्हतं. भिंगने विचारलं, काम करताना काही अडचण आली का. आली होती, एकदा बॉलपेनच संपलं, मग एक अख्खा गठ्ठा मुलीच्या स्केचपेनने उरकला. निघताना त्यांनी दाजींच्या वहीत फोन नंबर लिहून दिला. कागद फाटतोय की काय, असं दाजींना वाटलं.

दुसरे परीक्षक, निवृत्त सर, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत होते. दार उघडायला त्यांना क्षणही लागला नाही, जणू दाराशीच उभे होते. खुर्च्या दोन, पण एकीवर वर्तमानपत्रांची रद्दी. ती उचलताना सर सारखं म्हणत होते, बसा, घाई नाही ना? टेबलावरचा दिवा इतका वाकवलेला होता की जवळजवळ टेबलाला टेकला होता.

दाजींनी सहज विचारलं, अशा उजेडात वाचता कसं? सरांनी दिवा सरळ केला आणि चहा टाकायला गेले.

चहा दोनदा झाला. मार्क कसे जुळले, यावर सर एवढंच म्हणाले की अनुभवाने जुळतात.

दोन दिवसांनी भिंगने सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बोलावलं. मावशी दाराजवळ बसली, ड्यूटीवरून आल्यामुळे अंगावर गणवेश. भिंगने झेरॉक्स नाकारून तिची मूळ उत्तरपत्रिका मागवली, खिडकीशी नेली आणि आडवी धरली.

"झेरॉक्समध्ये खड्डे येत नाहीत. इथे बघा."

कव्हरवर शाई नव्हती. पण तिरप्या उजेडात आकडे उठून दिसत होते. नऊ, सात, आठ, दहा, चार.

"बाई फार दाबून लिहितात. वरच्या कागदावरचे मार्क खालच्या कव्हरवर उमटतात. दिवा आडवा केला की दिसतात, असा दिवा वाचायच्या कामाचा नाही. स्केचपेन दाबून लिहायची गरजच नसते. तो गठ्ठा कुठला होता, बाई?"

"नववा," बाई हळूच म्हणाल्या. "एक्क्याऐंशीपासून."

"तेवढे दहाच पेपर सरांनी वाचले. तेवढेच जुळले नाहीत."

सरांनी कव्हरवरच्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं.

"मला बोलावलं नाही ते वर्ष," ते म्हणाले, "त्या वर्षी मला एकही फोन आला नाही. गठ्ठा आणणारा शिपाई जिन्यात चार शब्द बोलतो, तोही नाही. पत्रात लिहिलं होतं, फरक कमी करा. केला."

साहेब काहीतरी बोलणार होते. सरांनी मावशीकडे वळून विचारलं, "आता वाचू?"

शेजारच्या खोलीत ते पाऊण तास बसले. कव्हर आधी काढून ठेवलं. परत आले तेव्हा प्रत्येक प्रश्नाखाली पेन्सिलने दोन-तीन ओळी होत्या आणि शेवटी एकतीस.

"एकतीस?" दाजींच्या तोंडून गेलं. "अहो, कमी केले?"

"जखमेचा प्रश्न तुम्ही पाठ करून लिहिलाय," सर मावशीला म्हणाले. "रोज समोर बघता, तरी पुस्तकातलंच लिहिलंत. म्हणून कमी."

मावशीने त्या ओळी वाचल्या. मग मान हलवली. "खरंय."

साहेब बोटांवर हिशोब करत होते. अडतीस आणि एकतीस. सात. त्यांनी फोन उचलला आणि तिसऱ्या परीक्षकाचा नंबर मागितला.

आठ दिवसांनी भिंग आणि दाजी तिसऱ्या मजल्यावर गेले. सरांना खात्याचं पत्र आलेलं होतं, यापुढे काम नाही असं. दाजींनी सांगितलं, तिसऱ्याने त्रेचाळीस दिले, मावशी पास झाली.

"चांगलं झालं," सर म्हणाले. मनापासून म्हणाले. मग चहा टाकायला उठले.

"पण मी पुन्हा वाचला तरी एकतीसच देईन."