खारट पानाची साक्ष

“आणखी एक गेलं!” भोंगा नर्सरीच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडला. “चौथ्या रांगेतलं!”

“हळू बोल की!” मुंगी खेकसली. “बाबा आत आहेत.”

पण हळू बोलणं भोंग्याच्या नशिबात नव्हतं, ते नाव त्याला उगीच पडलेलं नव्हतं. मुंगी, तिचा वर्गमित्र भोंगा आणि जे दिसेल ते वहीत टिपणारी तिची मावसबहीण कारकून, या तिघांनी सुट्टीभर पोहायचं ठरवलं होतं. बेत राहिला बाजूला! शहरातल्या रस्त्यांकडेला लावायची नऊशे रोपं मुंगीचे बाबा इथे वाढवत होते आणि ती धडाधड मरत होती.

सकाळीच पालिकेचे साहेब येऊन गेले होते. “पानांच्या कडा करपल्यात. खत दुप्पट घातलंत तुम्ही! सोमवारी नवा माळी घेऊन येतो.”

बाबांनी वाद घातला नाही, आणि मुंगीला तेच सहन होईना. खत घातलं की शेडच्या दारावर खडूची एक रेघ मारायची, म्हणजे चुकून दोनदा पडत नाही, ही त्यांची वीस वर्षांची सवय. आज त्या दारापुढे उभं राहून त्यांनी रेघा तीनदा मोजल्या.

“सहाच आहेत,” ते म्हणाले. “पण रेघ मारायलाच विसरलो असेन तर? हल्ली चष्मासुद्धा विसरतो मी.” आणि त्यांनी सगळ्या रेघा तळहाताने पुसून टाकल्या.

नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण स्वतःवरचा विश्वास उडालेला बाप मुंगीने कधी पाहिला नव्हता. तिला भीती वाटली.

“रडायचं नंतर,” कारकून वही उघडत म्हणाली. “काय काय दिसतंय ते सांगा.”

मातीला हात लावला तर ओली, तरी रोपांनी माना टाकलेल्या. कुंड्यांच्या काठावर पांढरी पुटं. खालची जुनी पानं आधी जळत होती, शेंड्याची मागून.

“आणि हे बघा, एकटंच मजेत आहे!” भोंगा गळक्या नळाखालच्या झुडपापाशी उकिडवा बसला होता. बाबांनी ते समुद्रकिनाऱ्यावरून आणलेलं. त्याच्या पानांवर बारीक पांढरे कण चमकत होते. कुणी अडवायच्या आत भोंग्याने बोट फिरवून जिभेला लावलं.

“अरे मूर्खा! विषारी असलं तर?” मुंगी किंचाळली.

“मीठ!” भोंगा थुंकत म्हणाला. “चक्क मीठ!”

मुंगीला बाबांचं बोलणं आठवलं. खाऱ्या जमिनीत वाढणारी काही झाडं मुळांतून आलेलं जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतात. पण लावलं तेव्हा याची पानं स्वच्छ होती!

“याला खत कितीदा घातलं?” कारकुनीने विचारलं.

“एकदाही नाही. बाबा म्हणतात, त्याला कशाची गरज नाही. नळाचं गळतं तेवढंच पाणी, तेही विहिरीचंच.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांच्या माना वळल्या त्या विहिरीकडे, आणि विहिरीपलीकडच्या भिंतीकडे. भिंतीमागे बर्फाचा कारखाना होता.

“तिथे बर्फाचे डबे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात,” भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला. “मी पाहिलंय.”

कारखान्याचा फोरमन गप्पिष्ट होता. भोंग्याने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. “काका, एवढी मोठी टाकी तुम्ही एकटे साफ करता? मग ते जुनं पाणी?”

“त्याला टँकर मागवायचा, चार दिवस वाट बघायची, सांगितलंय कुणी?” फोरमन ऐटीत म्हणाला. “भिंतीमागे खड्डा खणलाय. ओतलं की जमीन पिऊन टाकते! महिनाभर तेच चाललंय. डोकं लागतं, पोरांनो!”

कारकुनीने ते शब्दन् शब्द लिहून घेतले. “काका, छान बोललात. इथे सही कराल? सुट्टीतल्या वहीसाठी!” फोरमनने झोकात सही ठोकली.

सोमवारी साहेब नव्या माळ्याला घेऊन आले. मुंगीने चहाच्या स्टोव्हवर दोन पातेली ठेवली होती, एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात घरच्या नळाचं. पाणी आटलं. नळाच्या पाण्याच्या पातेल्यात तळाला पुसटसा डाग राहिला, विहिरीच्या पाण्याच्या पातेल्यात पांढरा जाड थर.

“चाखून बघा, साहेब,” ती म्हणाली. “हे बाबांनी घातलेलं नाही.”

साहेबांनी पातेलं पाहिलं, वही वाचली, झुडूप पाहिलं.

“चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो मी,” ते शेवटी म्हणाले. “माफ करा, माळीबुवा. आणि पोरांनो, मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. शाबास!”

खड्डा त्याच दिवशी बंद झाला. गोड्या पाण्याचे टँकर आले, माती पुन्हा पुन्हा धुतली गेली. पण उशीर झाला होता. नऊशेपैकी एकसष्ट रोपं वाचली. बाकीची बाबांनी स्वतःच्या हाताने उपटून ढीग घातला, आणि भोंगासुद्धा दिवसभर बोलला नाही.

संध्याकाळी मुंगी वाचलेल्या रोपांखालची वाळकी पानं गोळा करायला लागली.

“ह्यांना कचरा म्हणू नकोस,” बाबा म्हणाले. “मीठ ह्यांनी आपल्यात साठवून घेतलं आणि गळून पडली. म्हणून शेंडा राहिला.”

तिने ती ओंजळीत धरली.

बाबा शेडच्या दारापाशी गेले. पुसलेल्या जागेवर हाताचा पांढरट ठसा तसाच होता.

“मुंगे, खडू कुठे ठेवलास गं?”

तिने खिशातून काढून दिला. त्यांनी एक, दोन असं मोजत सहा रेघा पुन्हा मारल्या.

“सहाच होत्या,” ते म्हणाले.