खुर्चीपुढचा वळसा

माझ्या लेकाच्या सिनेमाला पहिलं बक्षीस मिळालं, हे तुम्ही ऐकलंच असेल. नसेल ऐकलं तर आता ऐका. छोटासाच आहे, पण बघून लोक गार झाले. आणि त्यात आईचं काम कुणी केलंय? मी! "पोराचं डोकं फिरलंय" म्हणत ज्या नातेवाइकांनी आमची पायरी चढायचं सोडलं होतं, त्यांच्या नाकावर टिच्चून केलंय.

लेक आजारी होता, लपवायचं कशाला? खिडकीजवळच्या खुर्चीत त्याला एक माणूस बसलेला दिसायचा. बोलायचा नाही, नुसता बघायचा. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या, आणि हळूहळू ती खुर्ची त्याच्यापुरती रिकामी झाली. मग त्याच्या मनाने घेतलं, की हे सिनेमात दाखवायचं. भूत नाही, रक्त नाही. एक खोली, एक मुलगा, त्याची आई आणि रिकामी खुर्ची.

शूटिंग आमच्याच घरी, त्याच खुर्चीपाशी होतं. त्या सकाळी मी दिव्यांसाठी लांब वायर आणायला गेले होते. परत येते तो काय, आईचं काम करणारी बाई रुसून निघून गेलेली.

"आई, तूच कर," लेक म्हणाला. "दारातून यायचं, चहाचा कप खिडकीत ठेवायचा, जायचं. खुर्चीकडे बघायचं नाही. तुला तिथे कुणी दिसत नाही."

"नाहीच दिसत मुळी! यात कसला आलाय अभिनय?"

तरी चार-पाच वेळा करून घेतलं पठ्ठ्याने. काय तो रुबाब! दिवसदिवस पांघरुणात तोंड खुपसून पडणारं माझं पोर खोलीभर माणसांना एका शब्दात गप्प करत होतं. माझा ऊर भरून आला.

पुढे एडिटिंगला बसला असताना त्याने मला हाक मारली. पडदे ओढलेले, तापलेल्या कॉम्प्युटरचा वास, पंख्याची घरघर.

"हे बघ."

स्क्रीनवर मी कप घेऊन आत आले. खिडकी नाकासमोर, मधे काही नाही, सतरंजीसुद्धा नाही. पण खुर्चीपुढे येताच मी एक पाऊल बाजूला सरकले आणि वळसा घालून खिडकीशी पोचले. दुसऱ्या वेळी तसंच. दर वेळी तसंच.

"तुला कुणी सांगितलं?" त्याने चित्र थांबवलं.

"काय सांगितलं?"

"तो पाय पसरून बसायचा... हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आई. डॉक्टरांनासुद्धा..."

मी उठून पडदे उघडले.

डॉक्टरीणबाईंनी मात्र समजूत काढली. म्हणाल्या, "इतकी वर्षं मुलगा तिथून वळसा घालून चालला असेल. तुमच्या पायांनी ते उचललं. एका घरात राहताना असं होतं." खरंच की! जीव भांड्यात पडला. लेकही हसला, आणि नेमका तोच तुकडा त्याने ठेवला. बक्षीस देताना परीक्षक म्हणाले, आईच्या त्या वळशात अख्खं घर दिसतं. तेव्हापासून ती खुर्ची मी हलवलेली नाही. बक्षिसाची खुर्ची ती, टाकायची कशाला?

आता तो दुसऱ्या गावी असतो, सिनेमाचंच काम करतो. गोळ्या वेळेवर घेतो. शांत झोपतो. यापेक्षा मला काय हवं?

गेल्या आठवड्यात समोरच्या घरात नवी शेजारीण राहायला आली. भर दुपारी माझ्याकडे डोकावली. तिने सिनेमा पाहिलेला नाही, आमचं तिला काही ठाऊकही नाही. "किती छान उजेड येतो हो तुमच्याकडे!" म्हणत ती खिडकीकडे निघाली. खुर्चीपुढे एक पाऊल बाजूला सरकली, वळसा घालून पुढे गेली. बोलणं तुटलंसुद्धा नाही.

मी तिच्या पायांकडे बघत राहिले.

तेवढ्यात लेकाचा फोन आला. "आई, सगळं ठीक ना?"

काय सांगू? तो भास नव्हता, असं सांगू? इतक्या कष्टाने उभा राहिलाय माझा वाघ. त्याची खुर्ची रिकामीच राहायला हवी. इथे जे काही असेल ते माझं मी बघेन.

"ठीक आहे रे," मी म्हटलं. "तू तुझं काम बघ."

फोन ठेवला तर शेजारीण निघालेली. येताना ती एकच पाऊल सरकली होती. जाताना मात्र, वाटेत कुणी उभं असावं तशी अंग चोरून, पार भिंतीला घासत गेली.