कोरडा उंबरठा

"मावशी, आईच्या अस्थी गेल्या," शेजारची फिम्फा म्हणाली आणि पायरीवरच बसली.

मालीवान कोथिंबीर निवडत होती. कोर्टातली नोकरी सोडून तिने खासगी तपासाचा धंदा धरला होता, पण फ्रे या थाई गावात लोक तिला बोलावत ते नवऱ्यांवर पाळत ठेवायला. अस्थींसाठी आजवर कोणी आलं नव्हतं.

"कुणावर संशय?"

"सगळे रुबेनचं नाव घेतायत. मीही त्याला विचारलं, तू घेतल्यास का."

रुबेन हा तिचा होणारा डच नवरा. संध्याकाळच्या आत त्याने गाव सोडावं, असं आळीने ठरवून टाकलं होतं. मालीवानने जुडी बाजूला सारली आणि मेहुण्याला, निवृत्त हवालदार थोंगबायला, हाक मारली.

फिम्फाचं घर सागवानी, खांबांवर उभं. वरच्या खोलीत बुद्धाचं फडताळ, त्याखाली फिम्फाच्या आईचा फोटो. फोटोपुढची अस्थींची चांदीची डबी नाहीशी झाली होती. ओसरीवरून आत चिखलाच्या बुटांचे ठसे आले होते.

"घरात बूट घालून दुसरं कोण येणार?" थोंगबायने तपास संपवून टाकला. "बसवा त्या फिरंग्याला बसमध्ये."

मालीवान ओणवी झाली. ठसे ओसरीवर होते, खोलीत होते. मधला उंबरठा मात्र कोरडा, स्वच्छ. फडताळाच्या दोन हात अलीकडे ते थांबले होते.

"फोटोपुढे काही ठेवत नाही का गं तुम्ही?"

"बाबा ठेवतात की. रोज सकाळी चिकट भात. आई गेल्यापासून एक दिवस चुकला नाही." फिम्फाने फोटोपुढच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "आज राहिलाच वाटतं."

रुबेन खालच्या खोलीत उतरला होता. बोलावल्यावर तो भरलेली पिशवी घेऊन अनवाणी वर आला आणि उंबरठ्यावर पाय देऊन उभा राहिला. फिम्फाच्या सख्ख्या मावशीने, बुआलोयने, तोंड फिरवलं. उंबरठ्यात घराचा राखणदार असतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"बूट रात्रभर जिन्याखाली होते," तो म्हणाला. "मी डबी का घेऊ?"

"परवाच्या जत्रेत काय झालं?"

"देवळाच्या पायऱ्यांवर फिम्फाचा मुका घेतला. सगळे हसले. मला वाटलं, लोकांना आनंद झाला."

"आनंद कसला," बुआलोय म्हणाली. "मीपण हसले. पाहुण्याला काय तोंडावर बोलायचं? पण काल मंडईत एकीनं विचारलंच, भाची कुठल्या बारमधली म्हणून. हे लग्न मला नकोच होतं. पण ताईच्या अस्थींना हात लावीन होय मी?"

फिम्फाचे वडील इंथोन मागच्या शेडमध्ये रंधा मारत होते. त्यांनी पाहुण्यांकडे बघून स्मित केलं.

"पहाटेपासून इथंच आहे मी. वर गेलोच नाही. पोरीनं हाक मारली तेव्हा कळलं."

थोंगबाय हत्यारांच्या पेटीवर टेकला आणि लगेच उठला. "मुंग्या! सुताराकडं मुंग्यांना कसली मेजवानी?"

पेटीपाशी केळीच्या पानावर चिकट भाताचा गोळा होता, न मोडलेला.

"माझी न्याहारी," इंथोन म्हणाले.

मालीवानने सगळ्यांना वर बोलावलं. तिचा चेहरा उतरला होता.

"भावजी, बुटांतल्या माणसानं उंबरठ्यावर पाय दिला नाही, ओलांडला. रुबेन तर आत्ताही त्यावरच उभा आहे. आणि घरात बुटानं शिरणारा माणूस फडताळाजवळ येऊन बूट का काढतो? बुद्धापुढे तसं जायला त्याचा जीव धजला नाही. बूट फिरंग्याचे, पाय आपल्यातल्या कुणाचे."

थोंगबायने बुआलोयकडे पाहिलं.

"तिच्याकडे नको. इंथोनदादा, तुम्ही म्हणता, वर गेलाच नाहीत, डबी गेल्याचं ठाऊक नव्हतं. मग भात वर का आला नाही? भात तुम्ही वाढला होतात. फिम्फाची आई जिथं होती तिथं."

इंथोनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते खाली गेले आणि हत्यारांच्या पेटीतली डबी दोन्ही हातांनी वर घेऊन आले.

"जत्रेत लोक हसले, मीही हसलो," ते म्हणाले. "घरी आलो तर तिच्या फोटोकडं बघवेना. मरताना एवढंच म्हणाली होती, पोरीकडं कुणी बोट दाखवू नये. ह्या लाजेत तिला कशी ठेवू? म्हणून खाली न्यायचं ठरवलं. तर जिन्याखाली ते बूट दिसले. वाटलं, आळ त्याच्यावर आला तर तोच निघून जाईल."

"बाबा, त्याला एका शब्दानं सांगायचं होतं. ऐकलं असतं त्यानं."

"पाहुण्याला असं कसं सांगायचं गं?"

रुबेन गुडघ्यांवर बसला आणि हात जोडून इंथोनपुढे वाकला. मग तो फिम्फाकडे वळला.

"तूही नाही सांगितलंस."

"लाज वाटली," फिम्फा म्हणाली. "म्हणून हसले."

"ते समजलं मला. पण सकाळी तू विचारलंस, तू घेतल्यास का."

मालीवानला वाटलं, खरं शोधलं नसतं तरी बरं झालं असतं. आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं.

रुबेनने पिशवी उचलली. सगळ्यांनी सवयीने हसून त्याला वाट दिली. दाराशी तो थांबला, खाली पाहिलं, आणि पाय नीट उचलून उंबरठा ओलांडून गेला.