आधी नाव, मग काम

टीव्ही ऐकत होता. स्पीकरही ऐकत होता. त्यांच्या मधे ठेवलेला, चॅनेल दाखवणारा काळा बॉक्स मात्र ढिम्म होता. मी एकाच जागी बसून, एकाच रिमोटने तिघांना उठवत होते आणि तिसरा काही केल्या उठत नव्हता. साडेचार वाजून गेले होते. पाच पन्नासला सातशे चौदा नंबरच्या चॅनेलवर टायटनवरून पहिलं चित्र येणार होतं, आणि तोवर हा बॉक्स वठणीवर आला नसता तर आबा ते चित्र बघणार नव्हते.

आबा म्हणजे माझे आजोबा, डॉ. मिलिंद कर्णिक. टायटन हा शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. तिथे आज जे यान उतरणार होतं त्याचं नाव पाकोळी, आणि पाकोळीचा डोळा, म्हणजे तिचा कॅमेरा, आबांनी अकरा वर्षं खपून तयार केला होता. आता सांगा, अकरा वर्षांचं काम दिसायची वेळ आली आणि ज्याने ते केलं तोच म्हणतो, मला बघायचं नाही. मला तर नुसत्या विचाराने बसवत नव्हतं. तसं मला एरवीही बसवत नाही, आई म्हणते माझ्या खुर्चीला खिळे आहेत.

झालं होतं असं. साताऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळं बोलून चालतं. पंखा लाव म्हटलं की पंखा लागतो, दार उघड म्हटलं की दार उघडतं. श्रावणात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. मला त्यांचं बोलणं कळतं, घराला कळत नाही. आबांनी काही सांगितलं की घर गोड आवाजात म्हणायचं, "माफ करा, पुन्हा सांगाल का?" असं तीनदा विचारायचं आणि मग गप्प बसायचं. मग मी होतेच. आबांचा पहिला शब्द निघतो न निघतो तोच मी घराला हुकूम सोडून मोकळी व्हायचे. मला वाटायचं, किती मदत करते मी.

आठ दिवसांपूर्वी असंच मी त्यांचं वाक्य तोडलं तेव्हा त्यांनी डावा हात वर केला आणि मला थांबवलं. एक अख्खं मिनिट लावून ते म्हणाले, "मी... फर्निचर... नाही." मग आणखी एक मिनिट. "टायटन... मीच लावणार. नाहीतर... नको."

आबांचं नको म्हणजे नकोच. तुम्हीच लावाल, असं मी त्याच दिवशी वचन देऊन बसले, आणि आईने माळ्यावरच्या ट्रंकेतून हा जुना रिमोट काढून दिला. वर तीन बटणं, टीव्हीचं, स्पीकरचं, बॉक्सचं. आधी यंत्र निवडायचं, मग चालू-बंद दाबायचं. तीन यंत्रांना मिळून एकच रिमोट, एका डाव्या अंगठ्याला जमेल असा. फक्त त्याला आपल्या घरातली यंत्रं शिकवायला हवी होती, आणि शिकवायची पुस्तिका कधीच रद्दीत गेली होती.

"पण आबा, एकच रिमोट तिघांशी बोलतो तर तिघं एकदम का उठत नाहीत?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

आबांच्या बाजूच्या टेबलावर स्टीलचं फुलपात्र आणि चमचा असतो. त्यांनी चमच्याने फुलपात्रावर दोनदा टकटक केलं, जरा थांबले, आणि एकदा टक केलं. मी उठून पाणी आणून दिलं. मग त्यांनी तीनदा टकटक केलं, थांबले, पुन्हा एकदा टक केलं. मी जागची हलले नाही. आतून आई पाणी घेऊन आली.

ही आमच्या घरातली श्रावणापासूनची रीत. दोन टकटक म्हणजे मी, तीन म्हणजे आई. मग थोडं थांबायचं, आणि पुढे काम. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे चष्मा, चार म्हणजे खिडकी. आवाज आम्हा दोघींनाही ऐकू येतो, पण जिचं नाव, तीच उठते.

"म्हणजे रिमोट पण आधी नाव सांगतो?"

"आधी... नाव. मग... काम," आबा म्हणाले. रिमोटसुद्धा टकटकच करतो, फक्त प्रकाशाची. त्याच्या नाकावरचा छोटा दिवा अवरक्त किरण (तांबड्या रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) सोडतो. दिवा पेटतो, विझतो, कधी लांब थांबतो, कधी थोडा. त्या उघडझापेत आधी यंत्राचा सांकेतिक क्रमांक (त्या यंत्राला ओळखता येणारं, आकड्यांतलं नाव) असतो आणि मागोमाग हुकूम. प्रत्येक कंपनीने आपल्या यंत्रांना वेगळं नाव दिलेलं. ते नाव रिमोटला सापडलं की झालं.

शोधायची पद्धत आबांना आठवत होती. सेटचं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं. मग यंत्राचं बटण. मग चालू-बंद दाबून ठेवायचं. रिमोट एकामागून एक नावं घेत राहतो, आणि यंत्र बंद झालं की त्या क्षणी बोट उचलायचं. आता क्षणी म्हटल्यावर माझी काय गत होणार? टीव्ही बंद झाला, मी आनंदाने उडी मारली आणि बोट तसंच दाबलेलं राहिलं. रिमोट पुढच्या नावावर गेला. पुन्हा पहिल्यापासून. टीव्हीला तीन दिवस गेले, स्पीकरला दोन. बॉक्सची सगळी नावं दोनदा घेऊन झाली तरी तो उठला नव्हता, आणि आज शेवटचा दिवस होता.

पाच वाजता मास्तर आला. मास्तर हा हॉस्पिटलचा यंत्रमानव, आबांच्या हाताचा व्यायाम घ्यायला रोज येतो. सारखं एक दोन तीन, एक दोन तीन करतो म्हणून आबांनीच त्याला हे नाव ठेवलंय.

"आज व्यायाम नको," मी दारातच म्हणाले. "मास्तर, तुला अवरक्त प्रकाश दिसतो का?"

"दिसतो. मी त्याच प्रकाशात रुग्णाच्या हाताचा कोन मोजतो."

मी त्याच्यासमोर रिमोट धरून बॉक्सचं बटण दाबलं.

"ठिणगी दिसते आहे," मास्तर म्हणाला. "ती सेकंदाला अडतीस हजार वेळा थरथरते आहे. हे योग्य आहे."

"थरथरते कशाला?"

"सूर्य, गॅसची शेगडी, तुझं शरीर, सगळ्यांतून अवरक्त किरण निघतात. यंत्राने कुणाचं ऐकायचं? म्हणून ते फक्त या थरथरीकडे लक्ष देतं. बाकीचा सगळा गोंगाट सोडून देतं."

आबांनी चमचा उचलून फुलपात्राच्या कडेला किणकिण केली. खरंच होतं ते. आत कुकर शिट्ट्या मारत असला तरी हा आवाज मला बरोबर कळतो.

"या बॉक्सचा क्रमांक माझ्या नोंदीत आहे. एक्कावन्न शून्य आठ," मास्तर म्हणाला. "सांगशील तर मी स्वतःच पाठवतो. माझ्या छातीत तसाच दिवा आहे."

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, पण कपाळाला आठी पडली. "नुसती परीक्षा, आबा," मी म्हणाले. "लावायचं तुम्हीच."

मास्तरने बॉक्सच्या पुढ्यात उभं राहून हुकूम सोडला. बॉक्स ढिम्म. मी रिमोटमध्ये हाताने एक्कावन्न शून्य आठ भरले आणि दाबलं. तरी ढिम्म.

पाच पंचवीस. मी टीव्हीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून टीव्हीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. आई चकलीच्या भाजणीचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. "ऋजू, पुरे आता. बोलूनच लाव ना. तुझ्या एका शब्दाने लागेल."

लागलं असतं. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. आबांनी खुर्ची फिरवली आणि खिडकीबाहेरच्या अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून बसले. मला रडू यायला लागलं, आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

"नाही," मी आईला म्हणाले. "पाकोळी तिथे कधीच उतरलीय. तिथून प्रकाश यायला ऐंशी मिनिटं लागतात. जे व्हायचं ते होऊन गेलंय. आता फक्त आबांनी लावायचं राहिलंय."

मग मी जमिनीवर बसले आणि मोठ्याने बोलून विचार करायला लागले, आबा शिकवतात तसा. रिमोट बोलतोय, मास्तरने पाहिलं. नाव बरोबर आहे. मास्तरने सांगितलं तरी बॉक्स उठत नाही, म्हणजे चूक सांगणाऱ्याची नाही. मग राहिलं कोण?

टक टक. मी मान वर केली, आबांनी खुर्ची पुन्हा आमच्याकडे वळवली होती. थोडं थांबून पुन्हा टक टक. माझं नाव, आणि काम चष्मा. मी चष्मा नेऊन दिला. आबांनी तो डोळ्यांवर चढवला नाही. काचेवर अंगठा दाबून चांगला ठसा उमटवला, चष्मा माझ्यासमोर धरला आणि बॉक्सकडे बघितलं.

मी गुडघ्यांवर सरकत बॉक्सपाशी गेले आणि नाक टेकवून पाहिलं. पुढच्या बाजूला, बरोबर मधे, एक छोटी गोल खिडकी होती. ती तिथे आहे हे मला आठवडाभर दिसलंच नव्हतं, कारण तिच्यावर हळदकुंकवाचा वाळलेला जाड थर होता आणि त्यात एक अक्षता घट्ट चिकटलेली होती.

दसऱ्याला यंत्रांची पूजा. आईने तबक माझ्या हातात दिलं होतं आणि सगळ्यांना वरच्या बाजूला बोट टेकव म्हणाली होती. मला खाली सोनं वाटायला पळायचं होतं. टीव्हीला टेकवलं, स्पीकरला टेकवलं, आणि नव्या बॉक्सचं कपाळ म्हणून मला मधला गोल फार आवडला. बोट चांगलं दाबून मी पसार झाले. बॉक्सच्या डोळ्यातच मी हळदकुंकू घातलं होतं. तेव्हापासून सगळे त्याच्याशी तोंडाने बोलत होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्याला तोंडाने बोलता येत नव्हतं, त्याच्यासाठीच तो आंधळा झाला होता.

"आबा, मीच केलं हे," मी म्हणाले. ते हसले, अर्ध्या तोंडाने, पण हसले.

ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्याने. पाच बेचाळीस. मी घराला सांगितलं, "आता कुणाचंही ऐकू नकोस," आणि रिमोट आबांच्या हातात दिला. मग मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले.

आबांचा अंगठा हळूहळू टीव्हीच्या बटणावर गेला. मग चालू-बंद. टीव्ही लागला. स्पीकर. तोही लागला. पाच पंचेचाळीस. बॉक्सच्या बटणाकडे जाताना अंगठा घसरला आणि टीव्हीचं बटण दाबलं गेलं, त्यांना कळलं नाही. चालू-बंद दाबताच टीव्ही विझला. माझ्या तोंडात शब्द तयार होता, तो मी दातांनी धरून ठेवला. आईने भाजणीचा हात तोंडावर ठेवला. मास्तरसुद्धा एक दोन तीन म्हणत नव्हता.

आबांनी एक श्वास घेतला. पुन्हा टीव्ही. लागला. पाच अठ्ठेचाळीस. बॉक्स. अंगठा थांबला, नीट बसला, दाबला. बॉक्सवर हिरवा दिवा लागला. मग सात. मग एक. मग, किती वेळाने, चार.

पडद्यावर नारिंगी धुकं आलं. टायटनवर असंच दाट धुकं असतं, साध्या प्रकाशाने वरून काहीच दिसत नाही. मग पाकोळीने आबांचा डोळा उघडला. अवरक्त प्रकाश त्या धुक्यातून वाट काढून येतो, आणि गंमत म्हणजे आमचा रिमोट ज्या जातीचा प्रकाश सोडतो, जवळपास त्याच जातीचा. धुकं विरलं. पाकोळी उतरता उतरता खालचं सगळं टिपत आली होती. वळणावळणाचं कोरडं पात्र दिसलं, मग काठावरचे गोटे, गुळगुळीत, आमच्या कृष्णेतल्यासारखे.

मग मास्तर म्हणाला, "उद्या तिला त्या पात्रावरून उडायचा हुकूम जाईल. आधी तिचं नाव, मग काम. उत्तर यायला एकशे साठ मिनिटं लागतील."

"आणि पात्राच्या पुढे काय आहे, आबा?"

आबांनी तोंड उघडलं. मी वाट बघितली. पूर्ण वाट बघितली, एकही शब्द पुढे न घालता.

"माहीत... नाही," ते म्हणाले. "पुढचा डोळा... तू कर."

मग त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि चमचा घेतला. टक टक. मी उठले, पाणी की चष्मा की खिडकी ते ऐकायला थांबले. पुढे काहीच वाजलं नाही. आबा पडद्याकडे बघत होते आणि चमचा त्यांनी खाली ठेवून दिला होता. मी त्यांच्या खुर्चीला टेकून बसले, आणि बराच वेळ उठले नाही.