लाल फडक्यातल्या पाच वह्या

लाल फडक्याची गाठ सुटली आणि आतून जुनी वर्तमानपत्रं निघाली.

विहारात जमलेली पन्नास-साठ माणसं पुढं सरकली. शिवशरण सरांनी फडकं झटकलं, पत्र्याच्या ट्रंकेचा तळ हातानं चाचपला आणि भिंतीला टेकून ते तसेच खाली बसले. कुणीतरी पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं नाही.

बारा दिवसांची यात्रा करून बावीस जण त्याच सकाळी सोलापूर स्टेशनात उतरले होते. सारनाथ, बोधगया, राजगीर, कुशीनगर, लुंबिनी. सर सगळ्यांचे गुरुजी. तीस वर्षं दर रविवारी विहारात पालीचा वर्ग फुकट चालवणारा माणूस. त्यांनी रचलेलं बुद्धचरित्र, सोलापुरी बोलीतल्या सातशे ओव्या, वस्तीतल्या पोरासोरांना त्यातलं बरंचसं पाठ होतं. येत्या बुद्धपौर्णिमेला त्याचं पुस्तक निघायचं होतं. त्याआधी मूळ वह्या बोधिवृक्षाखाली ठेवून आणाव्यात, ही सरांचीच इच्छा.

आणि आता वह्या नव्हत्या.

लीला बनसोडे ट्रंकेपासून हातभर अंतरावर उभी होती. रेल्वेत टीसी म्हणून तिनं उभी हयात घालवली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. पंधरा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर तिला सावरलं ते सरांच्या वर्गानं. सरांच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि तिला स्वतःच्याच घरात चोरी झाल्यासारखं वाटलं.

फौजदार गुरुशांत बिराजदार तासाभरात आले. कुलूप शाबूत होतं, पण साधंच. दाभण घातलं तरी उघडलं असतं. त्यांनी सरांना विचारलं, "वह्या शेवटच्या कधी बघितल्या?"

"बोधगयेला. झाडाखाली बसून उघडून वाचल्या. सगळे होते."

"त्यानंतर ट्रंक कुठं होती?"

 सर नाइलाज झाल्यासारखं म्हणाले, "लुंबिनी नेपाळात आहे. सीमेवरच्या तपासणीत पानं विस्कटतील, म्हणून ट्रंक कुशीनगरला आमच्या भाड्याच्या बसमध्येच ठेवली होती, आम्ही जीपनं पुढं गेलो. दोन दिवस. कोंडीबाच्या ताब्यात."

सगळ्यांच्या माना वळल्या. करकंबचा कोंडीबा आचारी दाराशी मोठ्या पातेल्यापाशी उभा होता.

"म्या हात बी लावला न्हाय सायेब," तो म्हणाला.

पण वर्तमानपत्रं सोलापूरची होती, आणि कडक भाकरी बांधायला सोलापूरच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा नेला होता तो कोंडीबानंच. बिराजदारांना तेवढं पुरलं. त्यांनी त्याला चौकीवर नेलं. विहारातून बाहेर पडताना सर कुणाला तरी सांगत होते, की चार वह्या टाइप झाल्यात, तेवढं तरी हाती राहिलं. पाचवी मात्र आता आठवून आठवून पुन्हा लिहावी लागेल.

लीलाला जेवण गेलं नाही. कोंडीबानं बारा दिवस बावीस जणांना वेळेवर गरम जेवू घातलं होतं. आणि वह्या चोरून तो करणार काय? त्याला वाचता येत नव्हतं.

दुपारी ती चौकीवर गेली. कोंडीबा बाकावर मान खाली घालून बसला होता. तिनं त्याला विचारलं, की सोलापुरातून तो निघाला कधी. तो म्हणाला, रविवारी सकाळी. भांडी, शेगडी, शिधा घेऊन तो दोन दिवस आधीच बनारसला गेला होता. बाकीची मंडळी मंगळवारी दुपारच्या गाडीनं निघाली. भाकरी बांधायचे कागद शनिवारीच दुकानातून आणले होते.

"संपले का ते?"

"कवाच. गयेला पोचायच्या आदीच. तेलकट झाले की टाकून देत हुतो."

मग तिनं बिराजदारांना ट्रंकेतली वर्तमानपत्रं दाखवायची विनंती केली. ते हसले, पण ती रेल्वेतली म्हणून मान राखून त्यांनी गठ्ठा पुढ्यात ठेवला. एकाच दैनिकाचे नऊ अंक. यात्रेच्या आधीच्या आठवड्यातल्या सोमवारपासून ओळीनं, एकही दिवस न गाळता. घडी जशीच्या तशी, तेलाचा ठिपका नाही. सगळ्यांत वरचा अंक मंगळवारचा होता. यात्रा निघाली त्या दिवसाचा.

लीलानं तो अंक दोनदा बघितला. रविवारी गेलेल्या माणसाकडं मंगळवारचं वर्तमानपत्र आलं कुठून?

बिराजदार म्हणाले, गाडीत कुणीतरी वाचून टाकलं असेल, यानं उचललं असेल. तेही खरं असू शकत होतं. तिनं वाद घातला नाही.

चौकीतून ती उर्वी सरवदेकडं गेली. उर्वी तिशीतली, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, यात्रा निघायच्या आठवडाभर आधी नाव नोंदवलेली. प्रवासात तिनं दोनदा वह्या बघायला मागितल्या होत्या आणि दोन्ही वेळा सरांनी टाळलं होतं. विहारात काही जण आता तिच्याबद्दलही कुजबुजत होते.

उर्वीनं चहा केला, पण बोलायला तयार होईना. लीलानंच विषय काढला. वह्यांत तिला काय बघायचं होतं?

"अक्षर," उर्वी म्हणाली, आणि मग थोडं थोडं करून सगळं सांगितलं. तिची आई मथुराबाई विड्या वळायची. रविवारी सरांच्या वर्गाला जायची, मागं बसायची. दिवे लागायच्या सुमाराला, बोटांना तंबाखूचा वास असतानाच, वहीत काहीतरी लिहीत असायची. उर्वी लहान होती. तिनं कधी वाचलं नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली. जायच्या आधी एवढंच बोलली, की वह्या सरांकडं शुद्धलेखन तपासायला दिल्यात, त्या आणायच्या राहिल्या. यात्रेच्या आठवडाभर आधी उर्वी सरांना भेटली होती. सर म्हणाले होते, तसं काही आठवत नाही, पण यात्रेहून आल्यावर सगळ्यांसमोर माझ्या वह्या उघडतो, तूच बघ.

"तुम्हाला खोटं वाटतंय ना, ताई?" उर्वीनं विचारलं.

 लीलाच्या डोक्यात एक ओवी घोळायला लागली होती. सरांच्या तोंडून तिनं ती शंभरदा ऐकली होती:

मन तेंदूचं गं पान, ओल्या फडक्यात राहू दे,
घाई करशील, चिरंल, आधी मऊ होऊ दे.

लीलाची आईही विड्या वळायची. पान आदल्या दिवशी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायचं, नाहीतर कातरीखाली ते उभं चिरतं, हे तिला ठाऊक होतं. ही ओवी ऐकताना तिला दर वेळी भरून यायचं. सरांनी आपल्या बायकांचं जिणं किती जवळून बघितलंय, असं तिला वाटायचं. पण सरांचे वडील मास्तर होते. त्यांच्या घरात कधी पान भिजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अजिंक्यकडं गेली. यात्रेतला हा बँकेतला गृहस्थ. बोधगयेचं सगळं चित्रण त्याच्या मोबाइलमध्ये होतं. पिंपळाखाली सर बसलेले, डोळे मिटलेले, मांडीवर लाल गाठोडं, त्यावर उजवा हात. वीस मिनिटं ओव्या म्हटल्या. लीलानं शेवटपर्यंत बघितलं. हात एकदाही हलला नाही. गाठ एकदाही सुटली नाही.

अजिंक्यच्या घरून निघाली ती चालतच. ऊन तापलं होतं, रिक्षावाले हाका मारत होते. विनातिकीट माणूस सापडला की ती त्याला आधी एकच विचारायची, बसलात कुठून? वह्या उतरल्या कुठं, हे कालपासून सगळे विचारत होते. त्या चढल्या होत्या का, हे कुणीच विचारलं नव्हतं.

तिला हे कळायला नको होतं. वाटेत एका झाडाखाली ती बराच वेळ उभी राहिली. गप्प बसावं, असंही वाटून गेलं. मग तिला चौकीतला बाक आठवला.

संध्याकाळी पाचला विहारात पाच माणसं जमली. सर, लीला, उर्वी, बिराजदार आणि त्यांच्यासोबत कोंडीबा. दार लीलानं आतून लावून घेतलं.

"सर," ती म्हणाली, "वह्या बोधगयेला उघडून वाचल्या, असं तुम्ही साहेबांना सांगितलंत. अजिंक्यचं चित्रण मी बघितलं. गाठ बांधलेलीच होती."

सर मंद हसले. "मला पाठ आहेत, लीला. उघडायची गरज काय?"

"मग उघडल्या असं का सांगितलंत?"

 लीला बिराजदारांकडं वळली आणि एकेक गोष्ट सांगत गेली. गठ्ठ्यातले नऊ अंक ओळीनं लागलेले होते. गाडीत कुणी टाकलेला एखादा अंक उचलता येतो. पण नऊ दिवसांचे, घडी न मोडलेले, निघायच्या दिवसाच्या सकाळपर्यंतचे अंक एका घरातल्या रद्दीवरच असतात. ज्या घरात मंगळवारी सकाळी ही ट्रंक भरली गेली, त्या घरात. ट्रंक सरांच्या घरी होती. किल्ली त्यांच्या गळ्यात होती.

"वह्या सोलापुरातून बाहेर पडल्याच नाहीत," ती म्हणाली. "म्हणून तर ट्रंक लुंबिनीला नेली नाही. पहिली सगळी वही बुद्धजन्माची. ती जिथं न्यायची, नेमकी तिथंच नेली नाही, कारण सीमेवर ट्रंक उघडावी लागली असती. आणि आळ घ्यायला कुणीतरी हवं होतं. बसमध्ये एकटा राहणारा एकच माणूस होता."

बिराजदारांनी विचारलं, की स्वतःच्याच वह्या माणूस कशाला लपवील?

"स्वतःच्या असत्या तर लपवल्या नसत्या. टाइप करायलाही सरांनी वह्या कुणाच्या हाती दिल्या नाहीत. वाचून दाखवायचे, टायपिंगवाला मुलगा टाइप करायचा. गेल्या महिन्यात विहाराच्या समितीनं ठरवलं, की पुस्तकात वह्यांच्या पानांची छायाचित्रं घालायची. त्यात उर्वी आली, आईचं अक्षर बघायला. त्यामुळं वह्या दूर कुठंतरी हरवायला हव्या होत्या. त्या मथुराबाईंच्या आहेत."

उर्वीनं तोंडावर हात धरला. 

"जाळल्या असतील तर पुरावा कुठाय?" बिराजदार म्हणाले.

"जाळल्या नाहीत. पाचवी अजून टाइप व्हायचीय. बोधगयेला जे म्हटलं, ते पहिल्या चार वह्यांतलंच होतं. पाचवी सरांना पाठ नाही. आठवून लिहिणार म्हणाले, म्हणजे बघून लिहिणार. वह्या घरीच आहेत."

 मग सरांनी चष्मा काढला.

"मी मागितल्या नव्हत्या," ते म्हणाले. "तपासायला म्हणून तिनंच दिल्या. एका सभेत मी दोन ओव्या म्हटल्या, लोकांना वाटलं माझ्याच. मी नाही म्हणालो नाही. ती मागं बसली होती. तीही काही बोलली नाही."

"तिला काय वाटलं असेल, हे तुम्ही विचारलंत?"

"नाही."

कोंडीबा इतका वेळ दाराशी उभा होता. तो पुढं आला, सरांच्या समोर थांबला. "कुशीनगरात तुमी ट्रंक माज्या हातात दिली," तो म्हणाला. "सगळ्यांदेखत म्हनला, कोंडीबा, ह्यो माजा जीव हाय. मला लई बरं वाटलं हुतं सर. दोन दीस म्या बस सोडून कुटं गेलो न्हाय. आंगुळ बी केली न्हाय."

सरांनी मान खाली घातली, ती पुन्हा वर केली नाही.

वह्या त्यांच्या घरी, भिंतीच्या देवळीतल्या पुस्तकांमागं, पिठाच्या रिकाम्या डब्यात निघाल्या. बिराजदारांनी खोट्या तक्रारीची नोंद केली. कोंडीबा त्याच संध्याकाळी करकंबची एसटी धरून गेला. लीलानं त्याची माफी मागितली. तो म्हणाला, तुमी कशापायी, आणि बसमध्ये चढला.

पुढच्या रविवारी विहार भरला. सरांची जागा रिकामी होती, तिथं कुणी बसलं नाही. उर्वी पुढं आली आणि आईच्या अक्षरातली पहिली वही उघडून वाचायला लागली. अक्षर बारीक होतं, काही शब्द खोडलेले होते. ती मध्येच अडखळायची, थांबायची, पुन्हा वाचायची.

लीला दुसऱ्या रांगेत बसली होती. पुढचा प्रत्येक शब्द तिला ठाऊक होता. बाकीच्यांबरोबर म्हणायला म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या कानात सरांचाच आवाज आला. मथुराबाईचा आवाज आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. एवढी वर्षं एकाच वर्गात बसूनही तो तिनं कधी ऐकला नव्हता.

तिनं तोंड मिटलं आणि उर्वी वाचत होती ते ऐकत राहिली.