पट्टीवरचे दिवे

फेरी आता सुटायची नाही, पोरांनो. पलीकडचा दिघीचा दिवा दिसतोय का कुणाला? नाही ना? मग झालं तर. आगरदांड्याच्या धक्क्यावर धुकं असं बसलं की कितीही पटाईत माणूस असो, दोर सोडत नाही. आणि त्या होडीवाल्याच्या नादी लागू नका. "पाच मिनिटांत पलीकडं टाकतो" म्हणतोय तो. बसा इथं. चहा मागवलाय. तोवर तुम्हाला विनेशची गोष्ट सांगतो.

ऐकीव नाही बरं का. विनेश मुरुडचा, आमच्याच कोळीवाड्यातला. त्यानं माझ्या ओटीवर बसून हे सांगितलं.

हा विनेश विमान चालवायचा. मोठं नव्हे, दोन सीटचं, खेळण्यासारखं. विमान त्याच्या दोस्ताचं, शारिकचं. शारिकचं घराणं इथलंच, बापआजे मस्कतशी व्यापार करणारे. तो मात्र पुण्यात राहायला गेलेला, विनेशही तेव्हा तिकडंच. दोघं शाळेपासून एका बाकावरचे. विमानाचं लायसनही दोघांनी एकदमच काढलं. घरची होडी असावी तसे ते विमान वापरायचे.

दोन हजार चोवीसचा जानेवारी. शारिकची चुलतबहीण माहीन, तिच्या निकाहला दोघं पुण्याहून उडत आले. मुरुडच्या वरच्या माळावर एका कारखानदारानं स्वतःच्या बंगल्यासाठी धावपट्टी बांधली आहे. तिथं उतरले. रविवारी परत निघायचं होतं. रविवारी पहाटे धुकं पडलं, आणि ते उठायचं नावच घेईना. दुपारी इथं जरा विरळ व्हायचं, तर घाटमाथ्यावर ढग बसलेले. घाट ओलांडल्याशिवाय पुणं कसं गाठणार? रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार, बुधवारही गेला.

विनेश म्हणायचा, पायलटचं निम्मं काम उडायचं आणि निम्मं कळ काढायचं. पट्टीच्या कडेला एक खोली आहे, हवा कधी उघडेल याचा नेम नाही म्हणून घरी न जाता तिथंच दोघं मुक्कामाला होते. पत्ते खेळायचे, मोबाइलवर हवेचे नकाशे बघायचे, घाटावरच्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला फोन करून "डोंगर दिसतोय का रे?" म्हणून विचारायचे. आणि दर तासाला दाराबाहेर येऊन खांब मोजायचे. पट्टीच्या कडेनं विजेचे चार खांब आहेत. चारही दिसले तर उडायचं, एक जरी कमी दिसला तर गप खोलीत बसायचं. हा दोघांचा ठराव. चार दिवसांत दोनाच्या पुढं मोजणी गेली नव्हती.

बुधवारची रात्र उलटली. गुरुवार, अठरा तारीख. पहाटे साडेचारला शारिकचा फोन वाजला. पुण्याहून त्याची बायको कुबरा बोलत होती. अम्मी रात्री न्हाणीघरात पडल्या, डोक्यात रक्त साकळलंय, नऊ वाजता ऑपरेशन. "त्या सारखं तुमचंच नाव घेतायत," कुबरा म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, भेटायचं असेल तर आधी भेटा."

रस्त्यानं पाच-सहा तास. विमानानं पाऊण तास.

शारिक म्हणाला, "विन्या, विमान पुसून ठेव. उजाडता उजाडता चार खांब दिसले, तर लगेच निघू."

"आणि नाही दिसले तर?"

शारिकनं फडकं त्याच्या हातात कोंबलं.

अंधारात उडायचं नाही, हा तिथला नियमच. उजाडायला सात वाजणार होते. तरी विनेश निघाला. पंखांवर दव साचलं होतं, ते पुसायला हवं होतं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फडकं, कमरेला रेडिओ. चंद्र मध्यरात्रीच मावळलेला. धुकं इतकं दाट, की बॅटरीचा उजेड हातभर पुढं जाऊन तिथंच अडायचा. पहिला खांबसुद्धा दिसत नव्हता.

एक पंख पुसून झाला. दुसऱ्याला हात घातला, आणि त्याला आवाज आला.

इंजिनाचा. वरून.

लहान विमान होतं. त्यांच्या विमानासारखंच. समुद्राकडून आलं, डोक्यावरून गेलं, डोंगराकडं वळलं, परत आलं. घिरट्या घालत होतं. अशा धुक्यात, अशा अंधारात कोण वेडा वर गेलाय?

कमरेचा रेडिओ खरखरला.

"खाली कुणी आहे का?"

मराठीत. शांत आवाज, पण दमलेला.

"आहे," विनेश म्हणाला. "कोण बोलतंय? कुठून आलात?"

"पट्टी दिसत नाही. तेल संपत आलंय. दिवे लावा."

पट्टीच्या दोन्ही कडांना दिवे आहेत. त्यांचं बटण खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर. विनेशनं नाव विचारलं, विमानाचा नंबर विचारला. उत्तर एकच.

"दिवे लावा."

आता तुम्हीच सांगा, काय करायचं त्यानं? कोळ्याचा पोर तो. वादळात बाप समुद्रात असला की घरची माणसं किनाऱ्यावर कंदील धरून रात्रभर उभी राहतात, हे बघत मोठा झालेला. तो धावत गेला. बटण दाबलं. धुक्यात पिवळ्या ठिपक्यांच्या दोन ओळी उमटल्या.

वरचा आवाज खाली आला. आणखी खाली. चाकं टेकली, तो आवाज त्यानं नीट ऐकला. विमान पट्टीवरून धडधडत त्याच्याच दिशेनं आलं. जवळ... अगदी जवळ. वीस पावलांवर थांबलं. इंजिन बंद झालं. दार उघडल्याचा आवाज आला.

विनेशनं बॅटरी मारली.

काहीच नव्हतं. नुसतं धुकं.

मग पावलं वाजली. सावकाश. ओल्या गवतावरून. त्याच्यापर्यंत आली... आणि थांबली.

"उपकार झाले."

रेडिओतून नाही. कानाशी.

"हवा मोकळी आहे. आता तुम्ही निघा."

आणि पोरांनो, धुकं फाटलं. पडदा ओढावा तसं दोन बाजूंना सरलं. वर चांदण्या. लांबवर पट्टी स्वच्छ दिसायला लागली. शारिक खोलीतून धावत बाहेर आला. "या अल्लाह! विन्या, बघ! बस लवकर, निघू!"

"अजून अंधार आहे, शारिक."

"अम्मी मरायला टेकलीय, आणि तू मला नियम सांगतोस?"

तो विमानात शिरलासुद्धा. तेवढ्यात फाटकाजवळच्या झोपडीतून राखणदार धावत आला. तुळशीराम त्याचं नाव, साठीचा माणूस. पायात चप्पल नाही, तोंडावर रक्त नाही.

"दिवं कुनी लावलं?"

"मी लावले, काका. वर कुणीतरी अडकलं होतं..."

"वर कोन न्हाय, दादा." तुळशीरामनं त्याचा दंड धरला. "आठ वरसं झाली त्याला. असंच धुकं व्हतं. वरून एक पायलट दिवं मागत व्हता, आन् मी झोपंतनं उठलो न्हाय. समुद्रात गेला. ना इमान गावलं, ना मानूस. दुसऱ्या साली पौषात पुन्ना आवाज आला. पापातनं सुटावं म्हनून मी दिवं लावलं. तवा हितं दोन पायलट अडकून पडलेलं. त्यांना अशीच हवा मोकळी दिसली..."

"मग?"

तुळशीरामनं समुद्राकडं बोट केलं.

शारिकनं यातलं काही ऐकलं नाही. त्यानं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. पंखा फिरायला लागला. "विन्या, येतोस की एकटा जाऊ?"

विनेशचा पाय विमानाच्या पायरीवर होता. चार दिवसांची सवय... त्याची नजर आपोआप खांबांकडं गेली.

एक. दोन. तीन. चार.

पाच.

त्यानं पुन्हा मोजले. पाच. चार कडेला, सरळ रांगेत. पाचवा पट्टीच्या मधोमध. त्याला तारा नव्हत्या.

मघाशी तो लांब होता. आता जवळ होता.

विनेशनं आत हात घालून चावी उपसली. इंजिन धापा टाकत बंद पडलं.

"दे चावी!" शारिकनं त्याची गचांडी धरली. "दे, नाहीतर..."

"खांब मोज."

"काय?"

"मोज, शारिक. तुला अम्मीची शपथ आहे. मोज."

शारिक मोजायला लागला. त्याचे ओठ हलताना विनेशला दिसत होते. चारानंतर ते आणखी एकदा हलले, आणि थांबले. गचांडीवरचा हात सैल पडला.

पाचव्यानं हात वर केले. जमिनीवरचा माणूस विमानाला पुढं बोलावतो ना... तसा. दोन्ही हात. हळूहळू.

या... पुढं या...

तुळशीराम भिंतीकडं धावला. बटण बंद केलं.

अंधार. क्षणात धुकं परत आलं. भिंत कोसळावी तसं. तिघं एकमेकांचे हात धरून, चाचपडत खोलीत शिरले. आतून कडी घातली.

थोड्या वेळानं वर इंजिन वाजायला लागलं. घिरट्या. डोंगराकडं... समुद्राकडं... पुन्हा डोंगराकडं. शारिक तोंडातल्या तोंडात कुराणातली आयत पुटपुटत होता. तुळशीराम गुडघ्यात डोकं घालून "चुकलं, चुकलं" एवढंच म्हणत होता. सात वाजता उजाडलं, तेव्हा आवाज समुद्राकडं गेला, आणि मग आलाच नाही. दार उघडून बघतात तो एकही खांब दिसत नव्हता. हॉटेलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "रात्रभर इथं हातावरचं दिसत नाही. डोंगर कुठला विचारता?"

शारिक गावातून गाडी घेऊन रस्त्यानं गेला. पोचायला एक वाजला. अम्मी ऑपरेशनमधून बाहेर आल्या होत्या, शुद्धीवर होत्या. "इतका उशीर?" म्हणून रागावल्या. अजून आहेत त्या, चालतात काठी घेऊन. शारिकनं त्यानंतर विमानाला हात लावला नाही.

विनेश मागं राहिला, विमान झाकून ठेवायला. दुपारी दोनला ऊन पडलं. तुळशीरामला सोबत घेऊन तो पट्टीवर गेला. चार खांब लख्ख दिसत होते. पट्टीवर चाकांची खूण नाही, गवतात पाऊल नाही. विमानाचं दार पहाटे घाईत नुसतंच ओढलं गेलं होतं, ते लॉक करावं म्हणून तो जवळ गेला.

काच बाहेरून कोरडी होती. तापली होती उन्हानं. पण आतल्या बाजूनं, विनेश बसायचा त्या सीटच्या समोर, वाफ धरली होती. एवढीशीच. माणसाच्या तोंडाएवढी, गोल.

विनेश बघत राहिला. वाफ विरत गेली. गेलीच जवळजवळ.

मग पुन्हा आली.